विहिरीत कोण उतरला?

'सहारा' नावाचा जुना अमेरिकन पिक्चर मी तिसऱ्या पाळीहून आल्यावर बघितला. खोलीवर, जोडीदाराच्या मोबाईलवर. काळापांढरा, आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतायत. माझं इंग्रजी शाळेतलं नाही. मशिनीवरच्या पाट्या आणि रद्दीतली पुस्तकं वाचून आलेलं. त्यामुळं पहिल्यांदा निम्मं कळलं. दुसऱ्यांदा बरंचसं कळलं आणि झोप गेली.

पिक्चर संपल्यावर जोडीदार म्हणाला, "एक नंबर आहे. पण काळ्यालाच का उतरवला रे विहिरीत?"

मी म्हणालो, "त्याला विहीर माहीत होती म्हणून."

"माझ्या आज्यालाबी गावची विहीर माहीत होती. त्यानंच खणली होती." एवढं बोलून तो कूस बदलून झोपला. मी जागाच. हा लेख म्हणजे त्या भांडणातलं माझं म्हणणं समजा. मी कुणी समीक्षक नाही. सौंदर्यशास्त्र वगैरे आपल्याला शिकवायला कुणी आलं नव्हतं. सूत तुटलं की सांधायचं, हा माझा धंदा. तेवढ्या नजरेनं बघतो.

गोष्ट आधी सांगतो, कारण हा पिक्चर आपल्यातल्या फार जणांनी बघितलेला नसणार. जून १९४२. आफ्रिकेच्या उत्तरेला लिबियाचं वाळवंट. जर्मन सेनापती रोमेलनं तोब्रुक घेतलंय आणि इंग्रज फौज मागं हटतेय. सार्जंट जो गन हा अमेरिकन (काम केलंय हम्फ्री बोगार्टनं) आपला रणगाडा घेऊन वाट काढतोय. रणगाड्याचं नाव लुलूबेल. वाटेत फौजेतून तुटलेले लोक भेटत जातात. इंग्रज, फ्रेंच, एक डॉक्टर कॅप्टन. मग एक सुदानी सार्जंट मेजर, टँबुल, आणि त्यानं पकडलेला इटालियन कैदी जुझेप्पे. नंतर एक जर्मन वैमानिक पाडला जातो, तोही कैदी. पाणी संपत आलेलं. टँबुलला वाळवंटातल्या विहिरी माहीत. पहिली विहीर कोरडी निघते. दुसरी बीर अक्रोमा. तिथं तळाला थेंब थेंब पाणी आहे. आणि त्याच पाण्यासाठी पाचशे जर्मन सैनिकांची तहानलेली तुकडी चालून येते. हे उरलेले नऊ जण ठरवतात, इथंच थांबायचं, त्यांना अडवून धरायचं.

दिग्दर्शक झोल्टान कोर्डा, हंगेरीतून आलेला. पटकथा जॉन हॉवर्ड लॉसन आणि कोर्डा यांची. मूळ कल्पना मिखाइल रोम यांच्या १९३७ च्या 'तेरा' नावाच्या सोव्हिएत पिक्चरची. तिथं मध्य आशियाचं वाळवंट होतं, लाल सैनिक होते आणि समोर बास्माची टोळी. लॉसन हा अमेरिकन कम्युनिस्ट, पटकथा लेखकांच्या युनियनचा पहिला अध्यक्ष. १९४७ साली तिथल्या संसदेच्या समितीनं त्याला बोलावून विचारलं, तू कम्युनिस्ट आहेस का. त्यानं उत्तर द्यायचं नाकारलं. मग हॉलिवूडनं त्याला काळ्या यादीत टाकला आणि १९५० साली तो जेलात गेला. युनियनवाल्याचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. युद्धाच्या पिक्चरमध्ये बंदुका असतात, इथंही आहेत. पण या पिक्चरची खरी गोष्ट बंदुकीची नाही हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. गोष्ट आहे डब्यात किती पाणी उरलं, ते कुणाच्या ताब्यात आणि कुणाला किती घोट. गन पाणी मोजतो. जुझेप्पेला तो आधी वाळूतच सोडून निघतो, कारण कैद्याला पाजायचं म्हणजे आपल्या माणसाच्या तोंडचं काढायचं. तो गयावया करतो. रणगाडा पुढं जातो. तो माणूस मागनं धडपडत चालत राहतो, आणि गनला ते बघवत नाही. रणगाडा थांबतो. इथं भाषण नाही, देवाचं नाव नाही. मोठ्यानं काही न बोलता एक हिशेब बदलतो, एवढंच. मला हा पिक्चरमधला सगळ्यात चांगला क्षण वाटतो. जुझेप्पेचं काम केलेला जे. कॅरल नेश हा आयरिश घराण्यातला अमेरिकन, पण इटालियन वाटतो. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं ते वायफळ नव्हतं.

मग तो झडतीचा प्रसंग. जर्मन वैमानिक पकडलाय. गन टँबुलला सांगतो, याची झडती घे. टँबुल हात पुढं करतो आणि तो गोरा मागं सरकतो. त्याला काळ्या माणसाचा हात अंगाला लागू द्यायचा नाही. हलक्या वंशाचा हात. गनचं उत्तर असं की काळजी करू नको म्हणावं, याचा काळेपणा तुझ्या छान गणवेशाला चिकटणार नाही.

हे बघताना मी मोबाईल थांबवला. वैमानिकाच्या चेहऱ्यावर जे आहे ते मी ओळखतो. राग नाही तो. भीतीही नाही. अंग चोरून घेणं आहे. मी गिरणीत बदलीवर लागलो तेव्हा खात्यातल्या माठावर दोन ग्लास होते, एक साखळीला बांधलेला आणि एक मोकळा. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मग मी साखळीच्या ग्लासाला हात लावला तेव्हा शेजारचा माणूस थोडासा बाजूला झाला. अगदी थोडासा. एखाद्या इंचानं. पुढं तो माझ्याशी गोड बोलायचा, डबाही विचारायचा. पण तो इंच मला आजही मोजून दाखवता येईल. कोर्डाच्या कॅमेऱ्यानं तो इंच पकडलाय. आपल्या हिंदी-मराठी पिक्चरमध्ये अस्पृश्य दाखवतात तेव्हा त्याला रडवतात, पायऱ्यांवर लोळवतात. मागं सरकणाऱ्याचा चेहरा जवळून क्वचितच दाखवतात.

सिनेमावाले मित्र म्हणतील, तो नाझी आहे, वंशवाद त्याचा. बरोबर. पण मग अमेरिकेत त्याच १९४३ साली काय चाललं होतं? अमेरिकन फौजेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि १९४८ साली अध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम निघेपर्यंत त्या तशाच होत्या. तिथली रेड क्रॉस काळ्यांचं रक्त वेगळ्या बाटलीत ठेवायची. जखमी गोऱ्याला काळ्याचं रक्त जाऊ नये म्हणून! दक्षिणेकडच्या राज्यांत पाण्याचे नळ वेगळे, वर पाटी लावलेली. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटला दंगल झाली, चौतीस माणसं मेली, त्यातली पंचवीस काळी. मोटारीच्या कारखान्यांचं शहर ते, तिथं आता रणगाडेही बनत होते. त्याच वर्षी हा पिक्चर थेटरात लागला, आणि त्यात काळा माणूस गोऱ्यांच्या बरोबरीनं पाणी पितो. मला वाटतं लॉसननं हे जाणूनबुजून केलं. ज्या थेटरात काळ्यांना वरच्या माळ्यावर वेगळं बसवत होते, त्या थेटराच्या पडद्यावर त्यानं सगळ्यांना एका पाण्यावर आणलं.

पण डाव बघा कसा आहे. टँबुल अमेरिकन नाही. सुदानी आहे. दुसऱ्याच्या मुलुखातला, दुसऱ्याच्या साम्राज्याचा काळा. लुलूबेलवर अमेरिकन काळा शिपाई बसवला असता तर गनला त्याच्या घरच्या नळाबद्दल उत्तर द्यावं लागलं असतं. सुदानी आहे म्हटल्यावर सगळं सोपं. आपल्याकडंही असंच असतं. दूरच्या काळ्यांवर कविता लिहिणारे पुष्कळ भेटतात, मार्टिन ल्यूथर किंग म्हटलं की डोळे भरून येतात त्यांचे. वेशीबाहेरचा शेजारी म्हटला की त्यांना लगेच कामं आठवतात. टँबुलचं काम करणारा रेक्स इन्ग्रॅम स्वतः अमेरिकन काळा होता. कोर्डा भावांच्या १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' मध्ये बाटलीतला राक्षस झाला होता. म्हैसूरच्या हत्तीखान्यातला पोरगा साबू त्याला बाटलीतून सोडवतो. म्हणजे एकदा बाटलीतून वर काढला आणि एकदा विहिरीत खाली सोडला. माणूस म्हणून सपाट जमिनीवर उभं राहायला मिळालं ते मधल्या वेळात.

आणि उभा मात्र काय राहतो! मोठं हाड, शांत आवाज. कुणाच्या पुढं वाकत नाही, दात काढत नाही. त्या काळच्या पिक्चरमधला काळा नोकर कसा डोळे फिरवत पळायचा ते ज्यांनी बघितलंय त्यांना फरक कळेल. विहिरीवर त्याचं आणि वेको नावाच्या टेक्सासच्या पोराचं बोलणं होतं. धर्मानं चार बायका करता येतात ना, मग तुला किती? एकच. का? तिला आवडणार नाही म्हणून. टेक्सासवाला हसतो, आमच्याकडंही तसंच आहे म्हणतो. गप्पा साध्या. पण दोन माणसं एकमेकांना विचारतायत, कुणी कुणाला शिकवत नाही. मला हे आवडलं.

आता जोडीदाराचा प्रश्न. विहिरीत तोच का?

पिक्चर उत्तर देतो की त्याला वाळवंट ठाऊक आहे. चला, मान्य. मग एक सांगा. डॉक्टर कॅप्टन हॅलिडे हुद्द्यानं सगळ्यांत मोठा. तो म्हणतो, मला लढाईतलं कळत नाही, पुढारपण सार्जंट गननं करावं. कळतं त्यानं पुढं व्हावं, असा न्याय. मग वाळवंटातलं सगळ्यात जास्त कुणाला कळतं? टँबुलला. विहिरी कुणाला ठाऊक? टँबुलला. सार्जंट मेजर आहे, म्हणजे हुद्दाही काही लहान नाही. त्याचं नाव का निघत नाही? निघत नाही एवढंच नाही, तर निघायला पाहिजे होतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. लॉसनच्याही नाही, आणि तो कम्युनिस्ट. ज्ञान त्याचं, वाट त्याची, दोरावर लटकून खाली जाणारं अंग त्याचं, थेंब धरणारा हात त्याचा. वरती बसून मोजणारा मात्र दुसरा. हे मला गिरणीतून माहीत आहे. साचा आम्हाला कळतो. कुठली चाती कधी रुसते ते आवाजावरून सांगू. उत्पादन मोजणारा काचेच्या खोलीत असतो.

माझी आजी सांगायची. विहिरीच्या कडेला मडकं घेऊन बसायचं. कुणी तरी दयाळू बाई येईल, वरून ओतेल. ओतताना तिच्या पदराला आपली सावली लागू नये म्हणून अंग आकसायचं. दुपारपर्यंत बसायचं. आणि ती विहीर गाळायची वेळ आली, उन्हाळ्यात तळाचा गाळ काढायचा म्हटला, की बोलावणं आमच्या वाड्यात. तेव्हा आत उतरलेलं चालायचं. चिखलात कमरेपर्यंत उभं राहिलेलं चालायचं. पाणी आलं की विहीर बाटायची. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ती ओंजळ तहानेची नव्हती. खाली उतरणाऱ्यानं वरच्या हिशेबात हात घातला ती ओंजळ होती. 'सहारा' तिथपर्यंत पोचत नाही. टँबुल वरच्या हिशेबात हात घालत नाही.

आणखी एक. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते. का? धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून काढावं लागायचं, थुंकी लागायची. आपली थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला कसा चालेल! पगार जास्त त्या खात्यात, म्हणून दार बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला तेव्हा लाल बावट्याचे पुढारीही अडखळले. धोटा आणि पाण्याचा पेला, दोन्हीकडं तोंडाचाच प्रश्न. लॉसनसारख्या लोकांना पेल्याचं कळतं, हुद्द्याचं कळत नाही, हे मला म्हणून नवीन वाटलं नाही.

शेवटाकडं टँबुल मरतो. जर्मन वैमानिक जुझेप्पेला भोसकतो आणि पळतो, विहिरीत पाणी नाही हे आपल्या लोकांना सांगायला. टँबुल त्याच्या मागं धावतो. मोकळ्या वाळूत, बंदुकीशिवाय. गाठतो आणि हातांनीच मारतो. ज्या हाताची झडती त्याला चालत नव्हती तोच हात. परत येताना टँबुलला गोळ्या लागतात. काळा माणूस गोऱ्याला उघड्या हातांनी मारतो आणि थेटरातल्या गोऱ्यांनी काळ्याच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या, हे १९४३ साली पडद्यावर आणणं गंमत नव्हती. लॉसन-कोर्डाला यासाठी माझा सलाम. पण बघा, ही मारामारी पिक्चरनं फार नीट बसवलीय. स्पर्श नाकारला, स्पर्शानं मेला. एकाचा हिशेब एकापाशी मिटला. पाटी लावलेले नळ तसेच राहिले.

यापुढं पिक्चरमध्ये जे नाही त्याबद्दल थोडं. बीर म्हणजे अरबीत विहीर. बीर अक्रोमा म्हणजे अक्रोमाची विहीर. तोब्रुकच्या बाजूला अक्रोमा हे खरं ठिकाण आहे. मग ही विहीर कुणाची? त्या मुलुखातला एकही माणूस पिक्चरभर दिसत नाही. (पिक्चरचं वाळवंटही कॅलिफोर्नियातलं, पण ते सोडा.) लिबियात इटलीची फौज १९११ पासून घुसलेली. तिथल्या बेदुइनांनी उमर मुख्तारच्या मागं वीस वर्षं झुंज दिली, तेव्हा इटालियन सेनापती ग्राझियानीनं माणसं आणि जनावरं तारेच्या कुंपणात कोंडली, विहिरी बुजवल्या, सिमेंट ओतून बंद केल्या. १९३१ साली उमर मुख्तारला फाशी दिलं. विहिरीत सिमेंट! आपल्याकडच्या लोकांनी निदान शेण-गोमूत्रावर भागवलं. जुझेप्पेच्या तोंडात पाण्याचा घोट पडताना मला आनंद झाला, आणि लगेच हे आठवलं. तो गरीब माणूस, त्यानं ओतलं नसेल सिमेंट. पण ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना पिक्चरमध्ये एक घोट नाही, एक चेहरा नाही.

आणि आपलीही माणसं नाहीत. तोब्रुक पडलं तेव्हा तिथं अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा पलटण होती. २० जूनला रोमेलचा घाव त्यांच्याच बाजूवर पडला. पुढं १ जुलै १९४२ ला अल अलामीनच्या तोंडाशी देर अल शाइन नावाच्या जागी अठरावी हिंदी ब्रिगेड घाईघाईनं इराकहून आणून उभी केली होती. शीख, गुरखा आणि एसेक्सचे इंग्रज. दिवसभर त्यांनी रोमेलला अडवला आणि ब्रिगेड मोडून पडली. म्हणजे मूठभर माणसांनी वाळूत जर्मनांना अडवून वेळ काढला ही 'सहारा'ची जी गोष्ट आहे, तिच्यासारखी खरी घटना घडली, आणि तिथं बोगार्ट नव्हता. जुलै १९४२ पर्यंत अमेरिकन पायदळ त्या आघाडीवर उतरलंही नव्हतं. आपली महार पलटण १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पुन्हा उभी राहिली होती, पण ती आफ्रिकेत गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती, ती उघडायला एवढं मोठं युद्ध लागलं. ज्या जुलैत अलामीनला तोफा चालू होत्या त्याच जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. नाझी जिंकले तर आपलं काय होईल ते त्यांना दिसत होतं. तो झडतीचा प्रसंग बघताना मला ती निवड नव्यानं कळली.

एवढं सगळं धरूनही सांगतो, पिक्चर बघा. सत्त्याण्णव मिनिटं. रुडोल्फ माटे याचं छायाचित्रण असं आहे की बघताना ओठ कोरडे पडतात. वाळूवरचा उजेड पांढरा, विहिरीच्या तोंडाशी काळं. शेवटी जर्मनांचाच तोफगोळा विहिरीत पडतो आणि खालून पाणी उसळतं. बंदुका टाकून ते लोक हात वर करून पाण्याकडं धावतात, जीभ बाहेर काढून. हे थोडं नाटकी आहे, पण त्या वेळेला मला ते शत्रू वाटले नाहीत. नुसती तहान वाटले. नऊपैकी दोघं उरतात. मग गनला बातमी कळते की अल अलामीनला रोमेल अडला, आणि तो मेलेल्यांची नावं घेतो. त्यांना हे कळायला पाहिजे होतं म्हणतो.

जोडीदाराला हा लेख वाचून दाखवला. तो म्हणाला, "सगळं बरोबर. पण पाणी शेवटी तोफेनं आलं ना? मग तो उतरला कशाला होता?"

मी म्हणालो, तो उतरला नसता तर तोफ येईपर्यंत कोण जगलं असतं. तो म्हणाला, हेच लिही. लिहिलं. आमचं भांडण चालूच आहे. कुणाला तिसरं काही सुचत असेल तर संपादकांच्या पत्त्यावर पाठवावं, पुढच्या अंकात जागा आहे म्हणतात. आता पाळीची वेळ झाली.